दम्याची आत्या

सकाळच्या यादीत अकराच्या रकान्यात बाईंचं नाव होतं. चहाचा कप मी तोंडाशी नेला होता, तो तिथंच थांबला. नाव पूर्ण होतं, आडनावासकट. पुढे वय ऐंशी, आणि तक्रारीच्या जागी काउंटरवरच्या मुलीनं आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं : दोन्ही कान, आवाज येतो, बोलणं समजत नाही. त्याच नावाच्या दुसऱ्या कुणी असतील, असं मी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. पण तसं नाव दुसरं कुणाचं असणार नाही हे मला माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी दर गुरुवारी आठ वाजता ते नाव टीव्हीच्या पडद्यावर यायचं, काळ्यावर पांढरं, 'लेखन' या शब्दाखाली, आणि तेवढ्यापुरतं आमचं सगळं घर गप्प व्हायचं. आई हातातलं काम बाजूला ठेवायची. बाबा पेपर खाली करायचे. आणि मी, आधीची काही वर्षं कौतुकानं आणि नंतरची तीन वर्षं धास्तीनं, त्या अक्षरांकडे बघत बसायचे.

मी उठून केबिनचं दार लावून घेतलं. हात धुतले, पुसले, परत धुतले. मग बाहेर जाऊन काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "अकराच्या पेशंटला पुढच्या आठवड्यात वेळ देता येईल का बघ." ती म्हणाली, "मॅडम, त्यांच्या भाच्याचे कालपासून चार फोन आलेत. आज नाही म्हटलं तर तो माझे कान खाईल, मग मलाच तुमच्या त्या कान तपासायच्या खोलीत बसावं लागेल." मी हसले. हसताना माझा वरचा ओठ दाताला चिकटला, इतकं तोंड कोरडं पडलं होतं. दुसरे तपासणीस रजेवर होते. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि बावीस वर्षं ज्या खुर्चीत बसून मी लोकांना 'घाबरू नका, यात दुखत बिखत काही नाही' असं सांगत आले, त्या खुर्चीत मी बसून राहिले.

बाई आमच्या कॉलेजात आल्या तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. शेवटच्या वर्षाला. सहा बुधवार त्या आम्हाला पटकथा शिकवणार होत्या. पहिल्या दिवशी वर्गात उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांना त्या मालिकेतल्या नटांबद्दल विचारायचं होतं. तिसऱ्या बुधवारी आम्ही अकरा जण उरलो, कारण बाई नटांबद्दल काही सांगत नसत. त्या खडूला हात लावत नसत, टेबलाच्या कडेला टेकून उभ्या राहत, आणि कुणी काही बोललं की डोकं किंचित एका बाजूला कलतं करून ऐकत. त्यांच्या मालिकेत कुणी मोठ्यानं रडायचं नाही. माणसं दिवा लावायची, चपला घालायची, आणि तेवढ्यात कुणाचं तरी आयुष्य मोडून पडायचं. असं लिहिणारं माणूस प्रत्यक्षात कसं असेल याचा मी फार विचार केला होता. ते माणूस माझ्यासमोर उभं होतं, साधी चप्पल घालून, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि मी बोलले तर माझंही असंच डोकं कलतं करून ऐकणार होतं. पाच बुधवार मी तोंड उघडलं नाही. सहाव्या बुधवारी दारात गाठून मी माझी फाईल त्यांच्या हातात दिली. त्यांनी फाईलवरचा माझा पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी ये. घरी. एकटीच ये."

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मी पंधरा मिनिटं आधी पोचले आणि ती पंधरा मिनिटं जिन्यात काढली. बैठकीच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती, आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी पोस्टकार्डाएवढे कागद लटकवलेले होते. पुढच्या भागांचे प्रसंग. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून खाली बघत राहिले. फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला होता. चहा झाला. बिस्किटं मऊ पडली होती. बाईंनी माझी फाईल उघडली, दोन पानं वाचली, आणि मिटली. "हे तू कुठंतरी बघून लिहिलंयस," त्या म्हणाल्या. रागानं नाही, पाणी गरम आहे की गार हे सांगावं तसं. "तुझं काय आहे?"

मी म्हटलं, "माझं म्हणजे?"

बाईंनी डोकं कलतं केलं आणि त्या थांबल्या. आजवर माझ्याकडे तसं कुणी थांबून पाहिलं नव्हतं. घरी मी बोलायला लागले की आई म्हणे, बोल, मी ऐकतेय, आणि तिचे हात चालूच असत. बाईंचे हात मांडीवर स्वस्थ होते. त्या थांबलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवणं मला शक्य नव्हतं. काहीतरी द्यायलाच हवं होतं, आणि माझ्याजवळ देण्याजोगी एकच गोष्ट होती. मी म्हटलं, "माझी आत्या आमच्या घरी राहायची. तिला दमा होता."

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न करून गेली आणि चार वर्षांत परत आली. आमच्या घरातली खिडकीजवळची वेताची खुर्ची तिची. घराच्या किल्ल्या तिच्याकडे नव्हत्या, पण घर तिच्या आवाजावर चालायचं. आईला ती नावानं हाक मारत नसे, 'अगं' म्हणे. दम्याचा तिचा निळा पंप कायम तिच्या हाताशी असायचा. तोंडात धरून दाबायचा तसला. मी नऊ वर्षांची असताना एकदा शाळा लवकर सुटली. मी घरी आले. दार उघडंच होतं. आत्या खुर्चीत पुढं वाकली होती आणि तिच्या छातीतून लाकूड कापल्यासारखा आवाज येत होता. आई तिच्याजवळ उभी होती. त्यानंतरचं मला आठवतं ते थेट शेजाऱ्यांचं घर, माझ्या हातात बिस्किट, आणि मला रडू येत नाहीये म्हणून वाटणारी शरम. मधलं काही नाही. आत्या त्या दुपारी गेली.

एवढंच मी बाईंना सांगणार होते. मी तसं सांगितलंही असावं. पण बाई विचारायला लागल्या. हळू, एकेक. "आई कुठं उभी होती? जवळ, की लांब?" मी म्हटलं, दोन पावलांवर. "आणि पंप कुठं होता?" आईच्या हातात, मी म्हटलं. बाईंचे डोळे बदलले. त्या किंचित पुढं सरकल्या. "आत्याचा हात?" पुढं केलेला, मी म्हटलं. मला तोवर ठाऊक नव्हतं की आत्याचा हात पुढं केलेला होता. शब्द तोंडातून गेला आणि हात दिसला, काकणं कोपराकडे घसरलेली. "आईचा चेहरा कसा होता?" शांत, मी म्हटलं. आणि चेहरा दिसला. "परत एकदा सांग," बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यात एकही शब्द जास्त नव्हता. आत्या हात पुढं करते, आई पंप हातात धरून दोन पावलांवर उभी राहते, आणि देत नाही. खोलीत चिमट्याला लावलेला एक कागद वाऱ्यानं फिरत होता. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू लिहिशील."

पहिल्या मजल्यापर्यंत मी उडत खाली आले. तिथं एका बंद दाराशी कुणाचं तरी दूध सांडलं होतं. ते ओलांडायला मी पाऊल उचललं, आणि मला कळलं की मी काय करून आले. दूध न ओलांडता मी तिथंच भिंतीला धरून उभी राहिले. वर जाऊन म्हणावं, की नाही, तसं नव्हतं. पण कसं होतं? मी डोळे मिटले. आत्याची खुर्ची, खिडकी, आई. आधीचं चित्र शोधायला लागले आणि ते नव्हतं. होतं ते फक्त आत्ताचं, वरच्या खोलीत तयार झालेलं, स्वच्छ, प्रकाश पडलेलं. घरी गेले तर आईनं दार उघडलं. "काय म्हणाल्या गं?" तिनं विचारलं. तिचा चेहरा उत्सुकतेनं फुललेला होता. ती बाईंची भक्तच होती म्हणा ना. मी म्हटलं, चांगलं आहे म्हणाल्या. आईनं मला पाण्याचा पेला दिला. मी तिच्या हातांकडे पाहिलं. तोवर मी आईचे हात कधी पाहिलेच नव्हते. नखं बारीक कापलेली, अंगठ्यावर सुरीचा जुना व्रण. मी ते पाणी लगेच प्यायले नाही.

त्यानंतरचे गुरुवार. मालिकेत कुणी खोकलं, कुणी खुर्चीत बसलं, एखाद्या बाईनं दुसऱ्या बाईला काही द्यायला हात लांब केला, की मला वाटे, आलं. आता आईला दिसणार. आई शेजारी पाय पसरून बसलेली, आणि तिला तिथं तिचीच दुपार दिसणार, आणि ही दुपार बाईंपर्यंत कुणी पोचवली हे कळायला तिला एक क्षणही लागणार नाही. एकदा एका भागात एक म्हातारा जिना चढता चढता थांबला आणि छाती धरून श्वास घ्यायला लागला. मी उठून टीव्ही बंद केला. "अगं, का बंद केलास?" बाबा म्हणाले. माझं डोकं दुखतंय, मी म्हटलं. "तुझं डोकं दुखतंय तर तू आत जा की," बाबा म्हणाले, आणि त्यांनी उठून परत लावला. म्हातारा तोवर वर पोचून चप्पल काढत होता. आई पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं मान वळवली.

तीन वर्षांनी मालिका संपली. आत्या त्यात आली नाही. सुटले असं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. कारण तोवर गोष्ट पडद्यावर यायची गरजच उरली नव्हती. लिहिणं मी त्या रविवारनंतर सोडलं, कानाला खडा लावला म्हणायचं तर अक्षरशः, कारण पुढे मी कानांचंच शिक्षण घेतलं. लग्न झालं. मुलगी झाली. मुलगी दोन महिन्यांची असताना आई म्हणाली, "तू कामावर जा, मी सांभाळते." मी तिला पाळणाघरात ठेवलं. घरापासून पाळणाघर चाळीस मिनिटांवर आणि आई दहा मिनिटांवर, तरी पाळणाघरात. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, आईला कशाला त्रास. आईनं काही विचारलं नाही. ती आमच्याकडे यायची, नातीला मांडीवर घ्यायची, आणि मी खोलीतून बाहेर जात नसे. स्वयंपाकघरात काही करपत असलं तरी जात नसे. बाबा गेल्यावर मी आईला माझ्याकडे आणलं, त्याला सहा वर्षं झाली. मुलगी तेव्हा मोठी झाली होती, आता तर होस्टेलला असते. आईच्या गोळ्या मी देते, जेवण बऱ्याचदा ती करते. मी तिच्यावर प्रेम करते की तिच्यावर नजर ठेवते, हे मला कधी ठरवता आलेलं नाही. दोन्हीला तिच्याजवळ बसावंच लागतं.

अकराला पाच कमी असताना बाई आल्या. भाचा बरोबर होता, फोनवर बोलत. बाई लहान झाल्या होत्या. खांदे आत गेलेले, केस अगदी विरळ. पण डोकं तसंच एका बाजूला कलतं. आता तो नुसता बऱ्या कानाचा शोध होता, हे मला कळत होतं, तरी मी एक पाऊल मागं सरले. भाचा म्हणाला, "मावशी हल्ली आपल्याच तंद्रीत असते. मोठ्यानं बोला." आणि बाहेर जाऊन बसला. मी बाईंना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. त्यांनी मान हलवली. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मी पन्नाशी ओलांडलेली, जाड, पांढऱ्या कोटातली बाई होते. मी काचेच्या अलीकडे बसले आणि सूर सोडायला लागले. बाई प्रामाणिकपणे दाबत होत्या. काही पेशंट आवाज नसतानाही दाबतात. फसवायचं नसतं त्यांना. समोरचं माणूस काचेपलीकडून इतकं लक्ष देऊन बघत असतं, त्याला काहीतरी द्यावंसं वाटतं. मी तशा वेळी कधी रागावत नाही.

आलेख अपेक्षेप्रमाणेच उतरत गेला. मग शब्दांची तपासणी. ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि माइकमध्ये एकेक शब्द म्हणायला लागले. बाईंनी तो परत म्हणायचा. खडू. "खडू." खिडकी. "फिरकी." पाटी. "काठी." माझा आवाज थेट त्यांच्या कानात जात होता. बाराव्या शब्दाला बाई थांबल्या. तेराव्याला काही बोलल्याच नाहीत. डोळे मिटून बसल्या. मग मी त्यांना बाहेर आणलं, तपासणीपुरतं यंत्र त्यांच्या उजव्या कानात बसवलं, सुरू केलं, आणि नेहमीप्रमाणे मागं उभी राहून सहज बोलतात तशा आवाजात विचारलं, "आता कसं ऐकू येतंय?"

बाई खुर्चीत तशाच बसून म्हणाल्या, "दम्याची आत्या."

माझ्या हातातलं पेन पडलं. यंत्रातून तो आवाज त्यांना फार मोठा ऐकू आला असणार, कारण त्या दचकल्या. मग सावकाश वळल्या. "तूच ना? तू शब्दाच्या आधी श्वास घेतेस. तेव्हाही घ्यायचीस."

मी हो म्हटलं की नाही मला आठवत नाही. मी दाराकडे पाहिलं. भाचा बाहेर कुणाला तरी भाव सांगत होता. बाई म्हणाल्या, "बस. मला मान वर करून बघवत नाही." मी पेशंटच्या स्टुलावर बसले. "तो भाग मी लिहिला होता," बाई म्हणाल्या. "पूर्ण. सगळ्यांना फार आवडला होता. शूटिंगच्या आदल्या दिवशी मी काढून घेतला. चॅनलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या."

"का काढलात?"

"सांगणारं माणूस उठून गेलं की मी लगेच टिपून ठेवायचे, त्यानं जे सांगितलं ते, ज्या क्रमानं सांगितलं त्या क्रमानं. त्या दिवशी शेवटची एक ओळ तपासायला वही काढली. पंपाबद्दलचं तुझं पहिलं वाक्य होतं, आई पंप हलवत होती."

मी म्हटलं, "हातात होता."

"ते तिसऱ्या वेळी. पहिल्या वेळी हलवत होती म्हणालीस. कानाशी धरून. मधे मी तुला विचारत गेले, कुठं उभी होती, हात कुठं होता, चेहरा कसा होता. आणि हलवत होती हे गळून पडलं. मी गाळलं. मला ती बाई उभी राहिलेली हवी होती. हलणारी बाई माझ्या काही कामाची नव्हती."

बाहेर काउंटरवर कुणाचं तरी मूल रडत होतं. बाईंनी कानातल्या यंत्राला बोट लावलं. मी विचारलं, "मला कळवलं का नाहीत?" माझा आवाज मला अनोळखी वाटला.

"तुझा पत्ता नव्हता माझ्याकडे."

"फाईलवर होता."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "होता. लाज वाटली. नंतर वाटलं, विसरली असेल. आपण काय सांगितलं ते लोक विसरतात, असा माझा अनुभव आहे."

त्यांना यंत्र बसलं. पुढची तारीख दिली. जाताना त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला. मग दुपारभर मी सात पेशंट तपासले आणि एकाचाही चेहरा मला सांगता येणार नाही. भीती कमी झाली नव्हती, तिनं फक्त जागा बदलली होती. हलवत होती. म्हणजे रिकामा होता. म्हणजे तीस वर्षं मी एका निरपराध बाईच्या हातून पाणी घेताना दचकत होते. तिच्या नातीला तिच्यापासून तोडलं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटे, पण हे सांगितलं कुणी? बाईंनी. ऐंशी वर्षांच्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालत आलेल्या बाईंनी. समोर पांढरीफटक पडलेली पोर बघून त्यांनी दया येऊन हा संवाद आत्ताच लिहिला नसेल कशावरून? वही कुठाय, हे मी विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात काय होतं ते बाईंनी एकदा ठरवलं होतं. आज दुसऱ्यांदा ठरवत होत्या. मी डोळे मिटून आईचा हात हलतो का बघितलं. हलला. मी हलवला म्हणून हलला असेल.

साडेसहाला घरी आले तेव्हा आई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. नवरा अजून यायचा होता. "चहा टाकू?" आईनं विचारलं. मी नको म्हटलं. पर्स खांद्यावर तशीच होती. मी म्हटलं, "आई, आत्या गेली त्या दिवशी पंप तुझ्या हातात होता?"

आईच्या हातात उशीचा अभ्रा होता. तिनं त्याची घडी पुरी केली, त्यावरून हात फिरवला, आणि ती घडी ढिगावर ठेवली. "होता," ती म्हणाली.

"काय करत होतीस?"

"हलवून बघत होते. कानाशी धरून. तळाशी काही राहिलंय का. त्यात काही नव्हतं. तू दारात आलीस, तुला मी शेजारी पिटाळलं डॉक्टरांना फोन करायला सांगायला. तू गेलीस, पण तुझ्या तोंडून शब्दच फुटेना, असं शेजारच्या काकू नंतर म्हणाल्या. त्यांना वाटलं, भूक लागलीय. त्यांनी तुला बिस्किट दिलं."

मी पलंगाच्या कडेला बसले. मला वाटलं आता मी रडेन, आणि तेवढ्यात आई म्हणाली, "तू कधीतरी विचारणार हे मला माहीत होतं. पोरीला माझ्याकडे ठेवली नाहीस ना, तेव्हाच कळलं. म्हटलं, हिच्या लक्षात आहे."

"काय लक्षात आहे?"

"दुकान." आई कपड्यांकडे बघत बोलत होती. "आदल्या संध्याकाळी आपण दोघी बाजारातून येत होतो. तुझ्या आत्यानं सांगितलं होतं येताना पंप आण, संपत आलाय. औषधाचं दुकान उघडं होतं. तू माझा हात ओढलास, म्हणालीस, आई, आत्याचा पंप. मी म्हटलं, उद्या." ती थांबली. "गर्दी होती असं नाही. सकाळपासून तिनं मला चार वेळा चार कामांना पळवलं होतं, आणि हे पाचवं होतं. मला एकदा तरी नाही म्हणायचं होतं. तुझ्या बाबांना मी सांगितलं, विसरले. ते म्हणाले, होतं असं. पण तू बरोबर होतीस. तू हात ओढला होतास."

मी आठवायला लागले. बाजार, संध्याकाळ, उघडं दुकान, आईचा हात. काही नव्हतं. एवढीशीसुद्धा खूण नव्हती. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, हो, माहीत होतं, आणि काही बिघडलं नाही. पण आई आता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आई. मला ते दुकान आठवत नाही."

आईचा चेहरा पडला. आपण विनाकारण काय देऊन बसलो, ते तिला कळत होतं. तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि सोडलं. "मग," ती म्हणाली, "तू काय समजत होतीस?"

मी सांगितलं. बाईंचं घर, रविवार, ते तीन वेळा सांगणं, आत्याचा पुढं आलेला हात, दोन पावलं. ती देत नाही असं मी म्हटलं तेव्हा माझा आवाज इतका बारीक झाला की मलाच तो ऐकू आला नाही. आईनं मधे काही विचारलं नाही. माझं बोलून झाल्यावर तिनं घड्यांचा ढीग बाजूला सरकवला. मग म्हणाली, "हे समजून तू मला इथं आणलंस?"

"हो."

"माझ्या हातचं जेवत होतीस."

"हो."

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची," मी म्हटलं. "रोज."

आईनं मान हलवली. "मलाही," ती म्हणाली. "मला तुझी वाटायची."

कपडे पलंगावर अर्धे घडी केलेले, अर्धे तसेच. बाहेर दाराला नवऱ्याची किल्ली लागली, तेव्हा आम्ही दोघी एकदमच उठून उभ्या राहिलो.